सही राहिलेली फायनल

बाबा,

टीव्हीच्या डब्यात तुमची फायनल अजून तशीच पडून आहे. रोज सकाळी गिऱ्हाइकांचे टिफिन रवाना झाले की मी रिमोट हातात घेते, रेकॉर्डिंगच्या यादीत खाली खाली जाते, तिथे पोचते आणि टीव्ही बंद करते. मग ओटा पुसते. पुसलेला ओटा परत पुसते. तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले, आणि या पाच आठवड्यांत घरातलं एकेक प्रेस मी रिकामं करून पुन्हा लावलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात हे कळल्यावर तुम्ही विचारलं होतं, मग इस्त्रीवाल्याला हे लोक काय कपाटवाला म्हणतात काय? अमोल म्हणतो, तू जरा बस. मला बसवत नाही. हेसुद्धा मी ओट्याशी उभी राहूनच लिहितेय.

लोक भेटायला आले तेव्हा बहुतेकांनी अमोलचं सांत्वन केलं आणि मला चहा टाकायला लावला. सासऱ्यांसाठी सुनेने किती रडावं याचं लोकांच्या डोक्यात काहीतरी माप असतं. एक बाई म्हणाल्या, "तुमचं मात्र छान जमायचं हं, काय बोलायचात एवढं?" मी म्हटलं, आम्ही बास्केटबॉल बघायचो. त्यांना वाटलं मी विषय टाळतेय.

आई गेल्या त्या वर्षी अमोल तुम्हाला नागपूरहून इथे डब्लिनला, क्लोनडॉकिनच्या घरी घेऊन आला. तुमची मोठी बॅग मी उघडली. वाटलं, लोणचं असेल, पापड असतील. निघालं काय, तर बास्केटबॉलच्या कोऱ्या स्कोअरशीटचे जाडजूड पॅड. तीस वर्षं कॉलेजात पीटी शिकवलेला आणि गावोगावी शिट्टी फुंकलेला माणूस परदेशात राहायला येताना बरोबर हे आणतो. मी पुण्याची. मनात म्हटलं, झालं, आता हे घर म्हणजे ग्राउंड. ते खरंच झालं म्हणा.

मार्च उजाडला आणि तुम्हाला टीव्हीवर अमेरिकेतल्या कॉलेजांची स्पर्धा सापडली. अडुसष्ट संघ, एकदा हरला की घरी. तुम्ही कालनिर्णयच्या जुन्या पानांमागे पट्टीने रेघा मारून तक्ता आखलात, कोण कुणाला हरवणार ते पेन्सिलीने भरलंत आणि फ्रीजवर लावलंत. सामने आपल्याकडे अवेळी व्हायचे, म्हणून रेकॉर्ड करायचे आणि सकाळी अमोल लिक्सलिपला कामावर, इरा शाळेत आणि, पुढे माझे डबे सुरू झाल्यावर, डबे गाडीत गेले की बघायचे. नियम एकच, निकाल कुणी सांगायचा नाही. बिचाऱ्या अमोलचे त्यात हाल. चिपच्या कारखान्यात त्याच्याबरोबर अमेरिकन लोक, त्यांच्या तोंडून सगळं आधीच कळायचं, आणि याच्या पोटात काही राहत नाही. कधी दुपारी लवकर आला आणि आपली मॅच राहिलेली असली, तर तुम्ही त्याला भिंतीकडे तोंड करून जेवायला बसवायचात. "तुझ्या थोबाडावर स्कोअर लिहिला असते," म्हणायचात.

मी पहिल्यांदा बसले ती केवळ तुम्ही एकटे दिसलात म्हणून. तेव्हा मला कामाची परवानगी नव्हती, ओळखी नव्हत्या, दिवस खायला उठायचा. तुम्ही माझ्यापुढे शीट सरकवलीत आणि पेन्सिल दिलीत. बास्केट पडला की आकड्यावर तिरकी रेघ, फाउलबद्दल मिळालेला एका गुणाचा फ्री थ्रो पडला की भरलेला ठिपका, शेजारी खेळाडूचा नंबर. चुकलेल्या फ्री थ्रोची खूण नसते का, असं मी विचारलं होतं. नसते म्हणालात. "पडलं तेच लिहायचं." आणि सगळी दुनिया बास्केटकडे पाहते, स्कोअररने टाकणाऱ्याच्या पाठीकडे पाहायचं, हेही त्याच दिवशी सांगितलंत. मॅच संपली की मी शेवटच्या आकड्याखाली दोन जाड रेघा मारायच्या, स्कोअरर म्हणून सही करायची, मग तुम्ही चष्मा पुसून अख्खी शीट तपासायचात आणि रेफ्री म्हणून सगळ्यात शेवटी सही करायचात. टीव्हीवर बघितलेल्या, अमेरिकेत कालच संपलेल्या मॅचची. अमोल आपल्याला वेडे म्हणायचा. पण दोन वर्षांनी इथल्या मुलींच्या क्लबाला टेबलावर स्कोअर लिहायला माणूस हवा होता, तेव्हा अख्ख्या हॉलमध्ये ते काम येणारी मी एकटी होते. या देशात स्वयंपाकघराबाहेरची पहिली खुर्ची मला तुमच्यामुळे मिळाली, हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही.

आणि त्याच खुर्चीवरून आपलं भांडण झालं.

इरा त्या वर्षी बाकावरच असायची. अख्ख्या सीझनमध्ये तिचा एक बास्केट नाही. शेवटच्या मॅचला तिला सहा मिनिटं मिळाली. घोळक्यातून बॉल वर गेला, पडला, आणि त्या घोळक्यात इराचे हात होते. टाकला दुसऱ्या मुलीने, तोही शिट्टीनंतर. मी ते पाहिलं होतं. तरी रेघ मारली आणि शेजारी इराचा नंबर लिहिला. मॅच आम्ही एका गुणाने जिंकलो. पोरी नाचायला लागल्या. रेफ्री सही करायला टेबलाशी वाकला आणि तुम्ही, माझ्या शेजारी घड्याळ सांभाळणारे तुम्ही, त्याचा हात धरलात. नागपुरी इंग्रजीत सगळ्यांसमोर सांगितलंत की ते दोन गुण झालेलेच नाहीत. रेफ्रीला आपली शिट्टी आठवली, दोन गुण खोडले, आणि आम्ही हरलो. इरा गाडीत माझ्याकडे न बघता म्हणाली, "आय डिडंट इव्हन शूट, मम." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर मी तुम्हाला नको नको ते बोलले. एका पोरीच्या दोन गुणांनी कुणाचं काय गेलं असतं? तुम्हाला नातीपेक्षा कागद प्यारा. तुम्ही आवाज चढवला नाहीत.

"काहून देऊन राहिली होती तू तिले ते? तिचे नव्हते ते. तुह्या दयेचे होते. लेकरू जन्मभर कोणाचे गुण घेऊन फिरणार?"

मग म्हणालात, रेफ्रीची सही व्हायच्या आत चूक सुधारता येते, म्हणून मी हात धरला. एकदा सही झाली की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी आकडा हलत नाही. मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी वरणात मीठ कमी पडलं म्हणून बोलले. पण तुमचं बरोबर होतं असं काही म्हणाले नाही, आणि खरं सांगू, आजही अर्धंच वाटतं. माणसाला कधीतरी न पडलेलाही बास्केट लागतो, बाबा. हे मला तुमच्याशी नीट भांडायचं होतं. वेळ आहे, भांडू कधीतरी, असं वाटायचं.

यंदा तुमचा तक्ता पहिल्यांदाच शेवटपर्यंत टिकला. जांभळ्या बनियनवाले. सुरुवातीला त्यांना कुणी विचारत नव्हतं. तुम्ही त्यांना निवडलंत, कारण त्यांचा चौदा नंबर फ्री थ्रोच्या आधी डोळे मिटतो. रविवारी सकाळी आपण त्यांची सेमीफायनल पाहिली. तुम्हाला धाप लागत होती, तरी तुम्ही शीट तपासलीत, फाउल एक कमी लिहिला म्हणून मला झापलंत आणि सही केलीत. तुमचं आडनाव रेघेच्या खाली घसरलं होतं. संध्याकाळी तुम्हाला ब्युमॉन्ट हॉस्पिटलला ॲडमिट केलं. स्ट्रेचरवरून तुम्ही मला बोटाने जवळ बोलावलंत. मला वाटलं, पाणी हवंय. तुम्ही म्हणालात, फायनल रेकॉर्डिंगला लाव.

मंगळवारी सकाळी अमोलने हॉस्पिटलच्या पार्किंगमधून फोन केला. डॉक्टर म्हणाले होते, फार तर आठवडा. तो रडत होता. आणि रडता रडता, त्याच्या पोटात काही राहत नाही म्हणून, तेही सांगून टाकलं, की ऑफिसच्या कॉलवर कळलं, बाबांचे जांभळे हरले. "त्यांना कळू देऊ नकोस," म्हणाला. त्याला आजाराचं म्हणायचं होतं की मॅचचं, मी विचारलं नाही.

दोन बस बदलून, मऊ वरणभाताचा डबा घेऊन मी दुपारी आले. तुमच्या शेजारच्या पलंगावर नोएल होता, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आलेला डब्लिनचा म्हातारा. दोन दिवसांत तुमचा त्याला अख्खा तक्ता समजावून झाला होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, "पाहिली काय?"

मी नाही म्हणायला हवं होतं. तेच खरं होतं. न बघता तुमच्याकडे आले होते, नियम तुटला नसता, तुम्ही म्हणाला असतात बरं, घरी आलो की पाहू. पण तुम्ही घरी येणार नव्हतात, आणि ते मला माहीत होतं. माझ्या तोंडून निघालं, "पाहिली. जिंकले, बाबा. जांभळे जिंकले."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग विचारलंत, किती? एवढी तयारी मी केली नव्हती. सुचेल ते फेकलं, एकाहत्तर-अडुसष्ट. तुम्ही उशीवर डोकं टेकलंत.

"शीट आणजो. सही करून देतो."

बुधवारी विचारलंत, शीट? मी म्हटलं, घाईत विसरले. गुरुवारी पुन्हा. मी म्हटलं, इराने त्यावर ज्यूस सांडलं. निदान पोरीला तरी मध्ये ओढायला नको होतं. तुमचा आवाज तोवर फार खाली गेला होता, मला कान जवळ न्यावा लागला.

"दुसरी भर मंग. नीट पाहून भर. मी इथंच आहो."

शुक्रवारी सकाळी आम्ही पोचायच्या आत तुम्ही गेलात.

दहाव्याला कालव्याच्या काठी, गवतावर पिंड ठेवला. गुरुजी नागपूरहून व्हिडिओवर, फोन इराच्या हातात. एरवी आपल्या दारात कावळ्यांची शाळा भरते, त्या दिवशी एक फिरकेना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर शब्द द्या. अमोलने शब्द द्यायला सुरुवात केली. आईंचा फोटो मोठा करून लावू. इराला मराठी वाचायला शिकवू. नागपूरचं घर विकणार नाही. प्रत्येक शब्दानंतर आम्ही सगळे मान वर करून आभाळ बघायचो. मग अमोल माझ्याकडे वळला. "तुला माहीत असेल. दिवसभर तूच असायचीस त्यांच्याबरोबर. काही राहिलं का गं त्यांचं?"

मी नाही म्हटलं. वीस माणसं उभी होती, बाबा. वीस माणसांसमोर काय सांगू, की मरणाऱ्या माणसाला मी खोटा स्कोअर सांगितला? तेवढ्यात समुद्राकडून एक दांडगा सीगल आला आणि अख्खा पिंड उचलून घेऊन गेला. गुरुजींनी दोन सेकंद विचार करून परदेशात चालतं असा निर्वाळा दिला. अमोल दहा दिवसांत पहिल्यांदा हसला, सगळेच हसले. मी तुमच्या भाषेत म्हणायचं तर तो बास्केट मोजायला तयार नव्हते.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमधून फोन आला की तुमची चष्म्याची केस राहिली आहे. घ्यायला गेले, तर कॉरिडॉरमध्ये नोएल, कुबड्या घेऊन तपासणीला आलेला. माझा हात हातात घेतला, तुमची खूप आठवण काढली. मग स्वतःहूनच सांगायला लागला. त्या मंगळवारी सकाळी न्याहारीच्या वेळी त्याने फोनवर निकाल शोधला आणि मोठ्या प्रेमाने तुम्हाला वाचून दाखवला. आपला नियम त्या बिचाऱ्याला कुठे माहीत. तुम्ही हसलात, आणि त्याला बजावलंत, माझ्या सुनेला सांगू नकोस, तिने अजून पाहिली नाही. तिची मजा जाईल. नोएल म्हणाला, म्हणून मी तुझ्यासमोर तीन दिवस तोंडाला कुलूप लावून पडलो होतो. मी विचारलं, म्हणजे मी आले तेव्हा त्यांना माहीत होतं?

"शुअर ही न्यू, लव्ह," तो म्हणाला. "ही न्यू ऑल अलाँग." पहिल्यापासून माहीत होतं त्यांना.

मी थँक यू म्हटलं, केस घेतली आणि खाली आले. बस आली, माझ्या समोर थांबली आणि गेली. मी चढलेच नाही.

तेव्हापासून माझा असा भोवरा झालाय. तुम्ही माझ्यासाठी निकाल पोटात ठेवून पडला होतात, आणि मी दारातून येऊन तुमच्या तोंडावर खोटं बोलले. ठीक, तेही सोसेन. पण तुम्ही तेव्हाच का नाही पकडलंत? अख्ख्या हॉलसमोर रेफ्रीचा हात धरणारा माणूस तुम्ही. इथे तर आपण दोघंच होतो, एक शब्द पुरला असता. तो न बोलता तुम्ही तीन दिवस शीट मागत राहिलात. मी रागावलेय तुमच्यावर. कधी वाटतं, शेवटी तुम्हीही विरघळलात. सून रडवेली झालेली दिसली आणि तिला न पडलेले दोन गुण देऊन टाकलेत, म्हणजे आपलं भांडण मी जिंकले. आणि मग ओटा पुसता पुसता वाटतं, छे, हे बाबा नव्हेत. तुम्ही सही अडवून धरली होतीत. सही नाही म्हणजे सुधारता येतं. तीन दिवस मला सुधारायला दिलेत, आणि मी एकदा विसरले म्हणाले, एकदा ज्यूस सांडलं म्हणाले. यातलं खरं कुठलं ते सांगणारे फक्त तुम्ही होतात. मला कितीही चिडता येतं, तुमच्याकडून उत्तर काही येत नाही.

इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. आज रविवार. अमोल इराला सरावाला घेऊन गेलाय. मी हात धुतले, पॅडमधली एक शीट काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि टीव्हीसमोर तुमच्या खुर्चीच्या शेजारी, माझ्याच जागेवर बसले. पाच आठवड्यांत पहिल्यांदा एका जागी बसले. रेकॉर्डिंग लावलं.

मी एकही बास्केट बास्केटकडे बघून लिहिला नाही, पाठ बघूनच लिहिला. जांभळे मध्यंतराला अकराने मागे होते. मग असे काही आले म्हणता, तुम्ही खुर्चीत राहिला नसतात. शेवटच्या चार सेकंदांत एकाने मागे, आणि फाउल झाला तुमच्या चौदा नंबरवर. दोन फ्री थ्रो. त्याने डोळे मिटले. मी मोठ्याने म्हटलं, पड रे बाबा. पहिला रिंगवर दोनदा आपटून बाहेर आला. त्याने पुन्हा डोळे मिटले. दुसरा तर रिंगला लागलाही नाही. मी पेन्सिल धरून तशीच बसले होते आणि लिहायला काही नव्हतं.

मग दोन जाड रेघा मारल्या. फाउल दोनदा मोजले. स्कोअररच्या ओळीवर सही केली.

बाबा, जांभळे हरले. सत्तर-एकोणसत्तर. मंगळवारी सांगितलेला आकडा चूक होता, मी मुद्दाम सांगितला होता. नीट पाहून भरली आहे शीट. टेबलावर तुमच्या बाजूला ठेवली आहे, वर चष्म्याची केस ठेवली आहे, उडू नये म्हणून. रेफ्रीची ओळ मोकळी आहे.